तीन पाळ्यांत चाललेला टीव्ही-गेम

लक्ष्मीकांत सरमंडल यांच्या घरात टीव्ही-गेमचा डबा आला, तो त्यांनी मागवला म्हणून नव्हे. तो इंदूरजवळच्या बेटम्याला चालेना म्हणून आला. त्यांचा मेहुणा हरी याने हा परदेशी माल आपल्या बेटम्याच्या दुकानात विकायला भरला होता. पण तिथलं व्होल्टेज इतकं दुबळं, की पडद्यावरचा माणूस उडी मारायचा आणि खाली यायलाच विसरायचा. शेवटी हरीने डबा पिशवीत घातला, इंदूरची बस धरली आणि बहिणीच्या हॉलमध्ये आणून ठेवला. "जिजाजी, तुमच्याकडे लाइट बरी आहे. जरा चालवून बघा, खराबी डब्यात आहे का बेटम्यात, एकदा कळू दे," असं म्हणून आणि दोन वाट्या शिकरण खाऊन तो गेला.

सरमंडल मिलमध्ये टाइमकीपर होते. 'होते' हा शब्द लोक वापरत. ते स्वतः अजून 'आहे' म्हणत. मिलच्या गेटला कुलूप लागून वर्ष होत आलं होतं, घर पत्नी सुलोचनाबाईंच्या शाळेतल्या नोकरीवर चाललं होतं, आणि उपाशी कोणी नव्हतं. त्यांना खरं दुःख निराळंच होतं. मिल चालू असताना रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये बसायला जागा नसे. कोणाची हजेरी चुकलेली, कोणाला पाळी बदलून हवी, कोणाला नुसतंच टाइमबाबूंच्या डोळ्यांसमोर राहायचं असे. आता दारावर थाप पडली तर ती दूधवाल्याची. सरमंडलांना माणसं हवी होती आणि माणसं येत नव्हती, एवढी साधी गोष्ट होती, पण ती कोणाला सांगणार? मोठ्या माणसाने 'मला करमत नाही' म्हणायचं नसतं.

डबा उघडायच्या आधी त्यांनी तो वाचला. खोक्यावर लिहिलं होतं की आत नऊशे नव्याण्णव खेळ आहेत. तीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला एवढी मोठी संख्या मोजल्याशिवाय झोप येणं शक्य नव्हतं. पण टीव्हीला वायर जोडायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी मिलच्या इलेक्ट्रिक खात्यातल्या दगडू साळव्यांना निरोप पाठवला. दगडूभाऊंचे आजोबा महूच्या पलटणीत होते आणि त्यांची कडक चाल नातवात उतरली होती. ते आले, वायर जोडली, आणि दोघांनी मिळून खेळांची हजेरी घेतली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. खेळ सातच होते. तेच सात पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी हजर होत होते.

"हे तर आपल्या मिलच्या साळखात्यासारखंच झालं," दगडूभाऊ म्हणाले. सरमंडलांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं, कारण साळखात्याचा हजेरीचा मस्टर त्यांच्याच सहीने जात असे.

मग दगडूभाऊंनी डबा उलटा करून स्क्रू काढले. त्यांच्या मते चालणारं मशीन आतून बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. झाकण निघालं आणि दोघेही आत वाकले. एवढ्या मोठ्या डब्यात जवळजवळ काहीच नव्हतं. ना चाक, ना पट्टा, ना तेलाचा थेंब. मधोमध एका हिरव्या पट्टीवर डांबराचा एक काळा ठिपका, उडदाच्या वड्याएवढासुद्धा नाही. सातही खेळ, त्यातली सगळी माणसं, इमारती, आग, पाणी आणि संगीत त्या ठिपक्यात राहत होतं.

"टाइमबाबू," दगडूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "आपली मिल केवढी जागा खात होती हो!"

सरमंडलांनी त्या ठिपक्याला नकळत हात जोडले. भीती, आदर आणि थोडं वाईट वाटणं, हे तिन्ही एकदम होतं. आपल्याला ज्याने घरी बसवलं ते हेच की काय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण एवढ्याशा वस्तूवर राग तरी कसा धरायचा, ते त्यांना कळेना.

सात खेळांतला एकच त्यांच्या मनात भरला. त्यात एक बुटका माणूस पाठीवर गाठोडं घेऊन एका अवाढव्य कारखान्यातून वर वर चढत जायचा. वाटेत सरकते पट्टे, वाफेचे झोत आणि अकारण चिडलेली वटवाघळं. खोक्यावरच्या चित्रात तोच माणूस एका भल्यामोठ्या सोनेरी दरवाज्यासमोर उभा होता आणि दरवाजा बंद होता. सांगितलेलं काम मुकाट्याने करतो आणि भावाच्या मागे वनवासातसुद्धा जाईल असा चेहरा आहे, म्हणून सुलोचनाबाईंनी त्याचं नाव लक्ष्मण ठेवलं.

लक्ष्मणाला तीन जीव होते. ही गोष्ट सरमंडलांना आधी पटली नाही, पण दगडूभाऊंनी ती मिलच्या भाषेत सांगितल्यावर लगेच पटली. एक कामगार पडला की त्याच्या जागी बदली येतो. दोन बदली बाहेर उभेच आहेत. यात चमत्कार काय? चमत्कार एवढाच की इथे बदली वेळेवर येत होता.

दोघांच्या हातून लक्ष्मण दुसऱ्या मजल्यापलीकडे कधी गेला नाही. तेवढ्यात गल्लीतल्या गिरिजाबाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. गिरिजाबाईंचे यजमान श्रीराम हे लूमखात्यातले विणकर, एका वेळी चार लूम सांभाळणारे. मिल बंद झाल्यापासून ते बोलेनासे झाले होते. झोप गेली होती. 'हो' आणि 'नाही'वर दिवस निघत होता, आणि अलीकडे 'हो'सुद्धा कमी झालं होतं.

"ह्यांना जरा बसवून घ्या हो तुमच्याकडे," गिरिजाबाई म्हणाल्या. "घरात नुसते भिंतीकडे बघत बसतात. तुमच्याकडे निदान भिंत हलते."

श्रीराम बसले. थोडा वेळ बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी दगडूभाऊंच्या हातातून तो बटणांचा पाटा घेतला, आणि लक्ष्मण जो सुटला तो पाचव्या मजल्यावर गेला.  सरकत्या पट्ट्यावर लक्ष्मण असा चालत होता, जसा मालकाचा मुलगाच असावा. श्रीरामांचे डोळे पडद्याच्या चारी कोपऱ्यांत एकदम फिरत होते. सरमंडलांनी माणसाचा हात इतक्या लांबवर, काचेच्या आत, दुसऱ्याच्या पायांनी चालताना आयुष्यात पाहिला नव्हता.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. मिलची माणसं येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर त्यांची मतंही. कोणी म्हणालं, ह्याने डोळ्यांचा पडदा फाटतो. कोणी म्हणालं, उलट मजबूत होतो. एका आजीबाईंना आतल्या माणसाच्या जेवणाची काळजी होती. समोरच्या घरातले धनेशजी शेअर घेत असत, त्यामुळे त्यांचं मत सर्वांत वजनदार. "अरे भिया, अब मार्केट ओपन झालं आहे," ते म्हणाले. "हे फॉरेनवाले फुकटचा खेळ देत नाहीत. जो पहिला त्या दरवाज्यापर्यंत पोचेल ना, त्याला कंपनी कार देते. लिहून घ्या." कंपनीला कळणार कसं, असं दगडूभाऊंनी विचारलं. धनेशजी त्यांच्याकडे दयेने बघून म्हणाले, "त्यांना सगळं कळतं."

दरवाज्याच्या आत काय असेल, हा प्रश्न हळूहळू गल्लीचा झाला. पण खेळाची एक अडचण होती. डबा बंद केला की लक्ष्मण सगळं विसरून पुन्हा तळमजल्यावर उभा. म्हणजे दरवाजा गाठायचा तर मशीन बंद करायचंच नाही. हे वाक्य कोणी उच्चारलं ते आठवत नाही, पण ते ऐकताच सरमंडल ताठ झाले. बंद न होणारं मशीन चालवायचा एकच मार्ग त्यांना माहीत होता. त्यांनी तीन पाळ्या लावल्या.

पहिली पाळी दगडूभाऊंची आणि त्यांच्या खात्याची, दुसरी श्रीरामांची. रात्रपाळीत खेळायचं नव्हतं. लक्ष्मणाला एखाद्या सुरक्षित कोपऱ्यात उभं करायचं आणि वटवाघूळ आलं तर त्याला एक पाऊल मागे घ्यायचं, एवढंच काम. तेही श्रीरामांनीच बोट वर करून मागून घेतलं, कारण ते असेही जागे असत. वेळेवर न आलेल्याला सरमंडल दारातच थांबवून घड्याळ दाखवत. आणि गंमत म्हणजे माणसं ओशाळत, कारण सांगत, माफी मागत. सरमंडलांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हॉलमध्ये पुन्हा बसायला जागा नव्हती, आणि ते पुन्हा रागावू शकत होते.

मग सुलोचनाबाईंनी घोटाळा केला. दुसऱ्या पाळीला चहा देताना पाट्यावर कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी पाटा जरा सरकवला आणि त्यांचा अंगठा मधल्या बटणावर पडला. लक्ष्मण हवेत होता तिथेच थांबला. वटवाघूळ थांबलं. संगीत थांबलं. सगळे चहा विसरून उभे राहिले. सुलोचनाबाईंनी तेच बटण पुन्हा दाबलं आणि सगळं होतं तिथून चालू झालं.

"म्हणजे हे थांबवता येतं?" त्या म्हणाल्या. "मग तुम्ही रात्र रात्र जागत काय होतात?"

 सरमंडलांनी आयुष्यभर वेळ मोजली होती. तिला बटणाने थोपवता येतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. रात्रपाळीची आता गरजच नव्हती. संध्याकाळी मंडळींची सभा भरली. खूप चर्चा झाली. शेवटी दगडूभाऊंनी उभं राहून मांडलं, की कामगार कामावर हजर असताना मशीन थांबवणं याला आपल्याकडे तालाबंदी म्हणतात, आणि ती आपण एकदा भोगली आहे. ठराव बिनविरोध झाला. मधल्या बटणावर चिकटपट्टी लावली गेली. सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण चिकटपट्टी त्यांनीच शाळेतून आणून दिली.

लक्ष्मण वर वर चढत राहिला. आता एकच भीती होती, ती बत्ती गुल व्हायची. तशी ती एक-दोनदा झालीही, आणि लक्ष्मण तळमजल्यावर आलेला पाहून मोठमोठी माणसं हळहळली. म्हणून सरमंडल इस्त्रीचा शर्ट घालून बिजली ऑफिसात गेले. या खिडकीतून त्या खिडकीत, तिथून वरच्या मजल्यावर, तिथून परत खाली, असं करत ते मंजुषा मॅडम नावाच्या इंजिनिअरबाईंसमोर पोचले. मॅडम मराठी निघाल्या, त्यामुळे त्यांना धीर आला.

"कनेक्शन कसलं आहे, काका?"

"घरगुती. पण काम तीन पाळ्यांत चालतं."

"तीन पाळ्यांत? मग ते औद्योगिक झालं. तपासणीला माणूस पाठवावा लागेल."

"छे छे, उत्पादन काहीच नाही," सरमंडल घाईने म्हणाले. "एक माणूस आहे. त्याला दरवाज्यापर्यंत पोचवायचं आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पेशंट आहे का? घरी ऑक्सिजन वगैरे लावलाय?"

इथे खोटं बोलून चाललं असतं. पण तीस वर्षांत त्यांनी कोणाची पाच मिनिटंसुद्धा खोटी लावली नव्हती, साळखातं सोडून. "त्याला तीन जीव होते," ते म्हणाले. "सध्या एकच शिल्लक आहे. लाइट गेली की तो तळमजल्यापासून सुरू करतो."

मॅडमनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं, खुर्ची पुढे केली आणि फार मऊ आवाजात विचारलं, "काका, कोणत्या मिलमध्ये होतात?" त्या मऊपणाने सरमंडल जितके दुखावले तितके ते रागाने दुखावले नसते. त्यांनी पाणी घेतलं नाही. पण मग टीव्ही-गेमची सगळी हकिकत ताठ मानेने सांगितली, आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज भारावला. मॅडम ऐकत राहिल्या. शेजारच्या टेबलावरची मंडळीही ऐकू लागली. येत्या आठवड्यापासून दुपारी दोन ते चार लाइटची कटौती पक्की, रविवारीसुद्धा, त्यात काही करता येणार नाही. बाकीच्या वेळी शक्यतो जाणार नाही, एवढं मॅडमनी सांगितलं. ते निघाले तेव्हा मागून त्या म्हणाल्या, "काका, आत काय निघालं ते मात्र कळवा हं."

दोन ते चारसाठी दगडूभाऊंनी ट्रकची एक जुनी बॅटरी आणली आणि स्वतः तारा गुंडाळून केलेलं एक यंत्र तिला जोडलं. टीव्ही आणि डबा, एवढीच दोन ओझी ती उचलेल, तिसरं काही लावायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

आणि एका रविवारी लक्ष्मण शेवटच्या मजल्यावर पोचला. शेवटचाच जीव, पाटा श्रीरामांच्या हातात. गल्ली लोटली. खिडकीत माणसं, जिन्यावर माणसं, धनेशजी पहिल्या रांगेत, कारण कारचे कागद इंग्रजीत असणार आणि ते वाचायला कोणी हवं. दोन वाजता नेहमीप्रमाणे लाइट गेली. बॅटरीवर टीव्ही चालू राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांच्या मागे उभे असलेले सरमंडल मात्र खूश नव्हते. त्यांना भीती वाटत होती. आज दरवाजा उघडेल. लोक वा वा म्हणतील, चपला घालतील आणि जातील. मग उद्या कोण कशाला येईल? श्रीरामांना जरा हळू चालवायला सांगावं, असं त्यांच्या ओठांवर आलं, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. तो माणूस कपाळावरचा घाम न पुसता गाठोडं वर नेत होता.

घाम सगळ्यांनाच आला होता. हॉलमध्ये हवा उरली नव्हती. आजीबाई पदराने वारा घेत होत्या, गिरिजाबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, मागच्या रांगेतला कोणी वर्तमानपत्राची घडी हलवत होता. आपल्या घरी आलेली माणसं उकडून निघताहेत आणि यजमान हात बांधून उभा आहे, हे सरमंडलांच्याने बघवेना. त्या क्षणी ते टाइमकीपर नव्हते, बजावलेलं ऐकणारे नव्हते, नुसते घरमालक होते. त्यांनी कोपऱ्यातला टेबलफॅन उचलला, पुढे आणला आणि दगडूभाऊंच्या बॅटरीला जोडलेल्या सॉकेटच्या पट्टीत त्याची पिन खुपसली.

गार वारा सुटला. "वाह!" कोणीतरी म्हणालं. सरमंडल वाकून पंख्याचं तोंड फिरवू लागले, शेवटच्या रांगेपर्यंत वारा पोचतो का ते बघत. त्याच वेळी पडद्यावर लक्ष्मण दरवाज्यासमोर उभा राहिला. गाठोडं खाली ठेवलं. दरवाज्याच्या दोन फळ्यांमध्ये एक फट पडली आणि ती रुंद व्हायला लागली. शंभर माणसांनी एकदम मान पुढे केली. पडदा आक्रसला, त्याचा एक ठिपका झाला, आणि ठिपकाही गेला.

 दगडूभाऊंची नजर वायरवरून सरकत सरकत पंख्यापाशी आली. पाती हळूहळू थांबत होती आणि पंख्यावर सरमंडलांचा हात होता. सगळ्यांनी तो पाहिला. सरमंडलांना वाटलं, आता चपलांचा आवाज येणार. त्यांनी मान खाली घातली आणि वाट बघू लागले.

"लूम होते," आवाज आला.

तो श्रीरामांचा होता. गिरिजाबाई दचकून वळल्या.

"आत लूम होते," श्रीराम म्हणाले. "ओळीने. दूरपर्यंत. चालू होते, आणि कापड उतरत होतं, निळं. इतकं मोठं खातं मी जन्मात बघितलं नाही. टोक दिसत नव्हतं, देवाशपथ." वर्षभराचं बोलणं साठलेलं होतं. ते थांबेनात.

"काय सांगताय!" गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं, तरी त्यांनी नवऱ्याला खोडून काढलं. "तळं होतं ते. हिरवंगार पाणी. पलीकडे झाडं."

"तुम्ही लोक काय बोलताय यार," धनेशजी उठून उभे राहिले. "लाल कार उभी होती, साफ लाल! दोन दरवाज्यांची."

आजीबाईंना आत जेवणाची पंगत बसलेली दिसली होती. दगडूभाऊंना नुसता उजेड दिसला, पण तो पिवळा होता यावर ते भांडायला तयार होते. खिडकीतले लोक वाद घालता यावा म्हणून आत आले. सरमंडलांचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"थांबा, टाइमबाबूंना विचारा," श्रीराम म्हणाले. "ते खोटं लावणार नाहीत. बाबूजी, तुम्ही काय बघितलं?"

 सरमंडलांनी पंख्यावरचा हात काढला. "माझी पाठ होती," ते म्हणाले. "मी मागे वारा लागतोय का ते बघत होतो."

 मग शंभर माणसं एकदम त्यांच्यावर तुटून पडली. एवढ्या मोठ्या गोष्टीला एकटा हाच माणूस मुकला, हे कोणाला सहन होईना. श्रीराम बाही ओढून लूमची ओळ दाखवू लागले, गिरिजाबाई पाण्याची खोली, धनेशजी कारचे दरवाजे. चार वाजता लाइट आली, छताचा पंखा गरगर सुरू झाला, टीव्हीकडे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सुलोचनाबाईंनी चहाचं दुसरं आधण चढवलं आणि पदराला हात पुसत त्याही आल्या. "सरका," त्या म्हणाल्या, "ह्यांना असं नाही कळायचं, मी सांगते," आणि सरमंडलांसमोर मांडी घालून बसल्या.